जेवणाचीही हिशेबपट्टी हवी

सिंहगड रस्त्यावर आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत एका मावशींचं पोळी-भाजी केंद्र आहे. दहा बाय बाराची खोली, दोन शेगड्या, एक मोठा तवा, कोपऱ्यात कणीक मळायचं मशीन आणि दारात पार्सलचं टेबल. मावशी मूळच्या भोरच्या. पहाटे साडेपाचला त्यांच्या हाताला पीठ लागतं ते रात्री दहापर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं दुकान एका अ‍ॅपवर चढवलं. गेल्या महिन्यात मी पार्सलसाठी टेबलापाशी थांबले होते, तेव्हा त्यांनी हात पदराला पुसले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "ताई, हे जरा वाचून सांगा. थाळी गेली कितीला, आले किती, मला काही मेळच लागत नाही."

मी तिथंच बाकड्यावर बसून मेळ घातला. थाळी दुकानात 120 रुपयांना मिळते. अ‍ॅपचं कमिशन निघावं म्हणून अ‍ॅपवर ती 160 ला लावलेली. ऑफर नसली तर दुकान यादीत खाली जातं, असं आजूबाजूचे सगळे सांगतात, म्हणून मुलानं 20 टक्के सूट चालू केलेली, आणि ती सूट सोसायची दुकानानंच. राहिले 128. त्यावर 25 टक्के कमिशन, म्हणजे 32 रुपये. कमिशनवर 18 टक्के जीएसटी, पावणेसहा रुपये. ऑनलाइन पैसे घेण्याचा आकार अडीच रुपये. मावशींच्या खात्यात पडले 88. त्यातून डबा, पिशवी, चमच्याचे आठ गेले. दारात येऊन नेलेल्या थाळीचे 120, आणि अ‍ॅपवरून गेलेल्या त्याच थाळीचे 80.

मला राहवेना. दोन दिवसांनी ऑफिसातून, तीन किलोमीटरवरून, मी तीच थाळी त्याच अ‍ॅपवर मागवली. जेवणाचे 128, त्यावर 5 टक्के जीएसटी, पोचवण्याचे 29, प्लॅटफॉर्म फी 12, या दोन्हींवर पुन्हा 18 टक्के. एकूण 183. डबा घेऊन आलेल्या मुलाला पाणी दिलं आणि विचारलं. त्यानं संकोच न करता स्वतःचा मोबाइल दाखवला. या फेरीचे त्याला 30 रुपये मिळणार होते, पेट्रोल त्याचंच.

म्हणजे 183 रुपयांतले 88 मावशींना, 30 त्या मुलाला, 20 च्या आसपास सरकारला आणि 45 अ‍ॅपला. अ‍ॅपचे 45 म्हणजे सगळा नफा नव्हे, हे मला कळतं. त्यातून संगणक चालतात, तक्रारी ऐकणारी माणसं ठेवावी लागतात, बँकेला द्यावं लागतं, जाहिराती कराव्या लागतात. 45 जास्त की रास्त, हे मी इथं ठरवत नाही. माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे. एका थाळीच्या पैशांची वाटणी कळायला मला तीन माणसांचे तीन मोबाइल बघावे लागले. तिघांपैकी कोणाच्याही मोबाइलवर ती पूर्ण दिसत नव्हती.

ती दिसली पाहिजे. प्रत्येक बिलावर दिसली पाहिजे. आणि कंपन्या आपणहून दाखवत नसतील, तर कायद्यानं दाखवायला लावली पाहिजे.

या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा, झोमॅटोचा, जन्म कसा झाला ते आठवलं, की ही मागणी तिच्या स्वभावाविरुद्ध नाही हे लक्षात येतं. दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा हे आयआयटी दिल्लीत शिकलेले दोघं दिल्लीत बेन अँड कंपनी या सल्लागार कंपनीत नोकरी करत होते. जेवणाच्या सुट्टीत हॉटेलांची मेन्यूकार्डं बघायला सहकाऱ्यांची रांग लागायची. यांनी ती कार्डं स्कॅन करून ऑफिसच्या अंतर्गत जाळ्यावर टाकली. त्यातून 2008 मध्ये फूडीबे ही वेबसाइट निघाली, 2010 मध्ये तिचं नाव झोमॅटो झालं आणि त्याच वर्षी संजीव बिखचंदानी यांच्या इन्फो एजनं (नोकरी डॉट कॉम चालवणारी कंपनी) तिच्यात पैसे घातले.

आजच्या पोरांना यात काय विशेष, असं वाटेल. पण त्याआधीचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना ठाऊक आहे. हॉटेलात जाऊन बसल्याशिवाय दर कळायचे नाहीत, आणि एकदा बसलं, पाण्याचे ग्लास समोर आले, की उठून जायची चोरी व्हायची. माझे वडील मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचायचे आणि मग "आज काही फारशी भूक नाही" म्हणायचे. त्या अवघडलेपणातून या वेबसाइटनं लाखो मध्यमवर्गीय घरांना सोडवलं. काय मिळतं, केवढ्याला मिळतं, हे घरबसल्या कळायला लागलं. कंपनीचं पहिलं भांडवल हेच होतं: झाकलेला दर उघडा करणं.

पुढचा प्रवास वेगाचा आहे. 2012 नंतर कंपनी आखाती देश, श्रीलंका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका असं पसरत गेली, 2015 च्या सुरुवातीला अमेरिकेतली अर्बनस्पून ही हॉटेलांची माहिती देणारी कंपनी घेतली, आणि त्याच वर्षी सुमारे 300 माणसं कमी करायची वेळ आली. जेवण घरी पोचवायचं काम तिनं 2015 मध्ये सुरू केलं. तोवर बंगळुरूत 2014 मध्ये निघालेल्या स्विगीनं स्वतःची पोचवणारी माणसं उभी करून पुढची चाल केली होती. झोमॅटोलाही त्याच वाटेनं जावं लागलं. मग सुरू झाली सवलतींची लढाई. अर्ध्या किमतीत बिर्याणी, पहिल्या पाच ऑर्डरींवर मोठी सूट. त्या काळात ग्राहकानं हिशेब विचारायचं कारणच नव्हतं, कारण आपल्या जेवणाचा बराचसा खर्च देशोदेशींचे गुंतवणूकदार भरत होते. आपल्याला सवय तेव्हाच लागली.

2020 च्या जानेवारीत झोमॅटोनं उबर ईट्सचा भारतातला व्यवसाय विकत घेतला आणि देशभराच्या बाजारात दोनच मोठी नावं उरली. मग टाळेबंदी आली. मे महिन्यात कंपनीनं 13 टक्के कर्मचारी कमी केले. पण त्याच काळात हेही झालं की ज्या हॉटेलांच्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या, त्यांच्या मागच्या खोलीतली शेगडी घरपोच ऑर्डरींवर पेटती राहिली. माझी आई नाशिकला एकटी असते. तिला ताप होता आणि मला शहराबाहेर पडता येत नव्हतं, तेव्हा आठ दिवस रोज मऊ खिचडी तिच्या दारात पोचली ती अशाच एका अ‍ॅपवरून. त्या आठ दिवसांचे पैसे मला कधीच जास्त वाटले नाहीत, आणि हे लिहिताना मी ते विसरलेले नाही.

2021 च्या जुलैत झोमॅटोचे समभाग 76 रुपयांनी विकले गेले, 9,375 कोटींची विक्री झाली. वर्षभरात भाव 40 च्या घरात उतरला. टीका झाली, की तोट्यातल्या कंपनीला लोकांनी एवढे पैसे दिलेच कसे. पण 2023 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत कंपनीनं पहिल्यांदा नफा दाखवला, 2 कोटींचा. 2023-24 या वर्षाचा नफा 351 कोटी झाला. 2024 च्या डिसेंबरात ती सेन्सेक्समध्ये गेली. 2025 मध्ये मूळ कंपनीचं नाव इटर्नल झालं. किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटसकट आता ती जेवणापुरती उरलेली नाही.

तोट्यातून नफ्यात येताना कंपनीनं बरंच काही सुधारलं असणार, त्याचं श्रेय तिचंच. पण एक बदल आपल्या सगळ्यांच्या बिलावर आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये झोमॅटोनं प्लॅटफॉर्म फी सुरू केली, दर ऑर्डरीमागे 2 रुपये. स्विगीनं काही महिने आधी तेवढ्याच रकमेनं सुरुवात केली होती. झोमॅटोची फी टप्प्याटप्प्यानं वाढत 2024 च्या दिवाळीच्या सुमारास 10 झाली आणि 2025 च्या सप्टेंबरात 12. दोन वर्षांत सहापट. तीन कोटींची वस्ती असो वा तालुक्याचं गाव, दोनशेची थाळी असो वा दोन हजारांचं जेवण, फी तीच. ती कशाबद्दल, हे बिलावर लिहिलेलं नसतं. पोचवण्याचे पैसे वेगळे, कर वेगळा, आणि दुकानाकडून कमिशन घेतलेलंच असतं. मग हे 12 कशाचे? एखादी रक्कम घ्यायला कंपनीला पूर्ण हक्क असेल, पण ती कशापोटी हे विचारायचा हक्क देणाऱ्यालाही आहे.

हॉटेलवाल्यांनी हे प्रश्न आधीपासून विचारले. 2019 च्या ऑगस्टमध्ये गुरुग्रामपासून सुरू झालेली 'लॉगआउट' मोहीम सवलतींच्या योजनांवर होती. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया या त्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं 2022 च्या एप्रिलमध्ये झोमॅटो आणि स्विगी या दोघांच्या व्यवहारांची चौकशी लावली. संघटनेचं आणखी एक जुनं दुखणं असं, की जेवणारा माणूस कोण हे शिजवणाऱ्याला कळत नाही, त्याचा नंबर अ‍ॅपकडेच राहतो. मोठ्या हॉटेलांना निदान संघटना आहे, वकील आहेत. पोळी-भाजी केंद्राच्या मावशींना यातलं काहीच नाही. त्यांच्याकडे अन्न परवाना आहे, तवा आहे आणि दर आठवड्याला मोबाइलवर येणारा, त्यांना न समजणारा इंग्रजी तक्ता आहे.

आता त्या 30 रुपयांविषयी. 2025 च्या नाताळला आणि पुन्हा 31 डिसेंबरला पोचवणाऱ्या कामगारांनी संप केला. त्यानंतर गोयल यांनी समाजमाध्यमावर आकडे जाहीर केले. 2025 मध्ये झोमॅटोच्या पोचवणाऱ्या माणसाची सरासरी कमाई टिप सोडून तासाला 102 रुपये होती, आदल्या वर्षी 92, आणि पेट्रोल-देखभालीचा खर्च साधारण 20 टक्के. म्हणजे हातात तासाला 81-82 रुपये. या आकड्यावर दोन्ही बाजूंनी वाद झाले. मला वाटतं, वादापेक्षा महत्त्वाचं हे की आकडा कंपनीकडे होता. पैशापर्यंत मोजलेला होता. तो बाहेर यायला वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवशी संप व्हावा लागला. आणि सरासरी बाहेर आली तरी माझ्या दारात उभ्या असलेल्या मुलाच्या त्या फेरीचे किती, हे मला त्याला विचारल्याशिवाय कळलं नाही. पाऊस धो-धो पडत असतो, बिलावर पावसाचा जादा आकार दिसतो, आणि आपण मनाशी म्हणतो, चला, त्या भिजणाऱ्या पोराला मिळतील. त्याला त्यातले किती मिळतात? माणुसकीनं भरलेले ते पैसे कुठं गेले, हे भरणाऱ्याला कळू नये, याचा मला खरोखर त्रास होतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट समजावून सांगायला नको. आपल्याकडे बाजार समितीत माल नेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला पट्टी ठाऊक आहे. आडत्या लिहून देतो: वजन इतकं, भाव इतका, वजा हमाली, वजा तोलाई, वजा वाहतूक, बाकी इतके. 2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला. 512 रुपयांतून 509 रुपये 51 पैसे वजा झाले आणि त्याला 2 रुपयांचा धनादेश मिळाला. सगळ्या देशाला ते कळलं, विधिमंडळात गाजलं, आणि कळलं ते केवळ पट्टी होती म्हणून. तो कागद त्या माणसाचं दुःख कमी करू शकला नाही. पण त्याचे पैसे कशाकशात गेले, हे कोणाला नाकारता आलं नाही.

पट्टीवर आडतीची, म्हणजे आडत्याच्या कमिशनची, ओळ वर्षानुवर्षं दिसत होती, म्हणूनच तिच्यावर राजकारण होऊ शकलं. 2016 च्या जुलैत राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, भांडणं झाली, निर्णय बरा की वाईट यावर आजही मतभेद आहेत. असू देत. भांडायला निदान एक ओळ होती. अ‍ॅपच्या बिलावर कमिशनची ओळच नाही, मग मावशींनी भांडायचं कशाशी?

हे कुठं करून पाहिलंय का? पाहिलंय. अमेरिकेतल्या शिकागो शहरानं 2020 च्या मे महिन्यात नियम केला, की जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाला जेवणाची किंमत, कर, पोचवण्याचा आकार आणि हॉटेलकडून घेतलेलं कमिशन वेगवेगळं दाखवायचं. आपल्या देशातही दलालाचा वाटा दाखवायची रीत नवी नाही. पेट्रोलच्या दरात मूळ किंमत किती, केंद्राचा कर किती, राज्याचा किती आणि पंपवाल्याचं कमिशन किती, हे तेल कंपन्या पैशापर्यंत छापतात. म्युच्युअल फंडाच्या सहामाही खातेपत्रकात तुमच्या एजंटाला तुमच्या पैशांतून किती रुपये मिळाले ते लिहिलेलं असतं. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2016 मध्ये तसा नियम केला. तेव्हाही धंदा बुडेल असं म्हटलं गेलं होतं. फंडांचा धंदा बुडाला नाही.

कमिशन हे व्यापारी गुपित आहे, प्रत्येक हॉटेलशी वेगळा करार असतो, असा आक्षेप येईल. असू दे करार वेगळा. गुपित स्पर्धकापासून राखायचं असतं. ज्याच्या खिशातून पैसे निघाले त्याच्यापासून आणि ज्याच्या ताटातून कापले गेले त्याच्यापासून राखायचं, हे मला मान्य नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वाटणी दिसली की लोक अ‍ॅप टाळून थेट दुकानाला फोन करतील. काही करतील. माझ्यासारखी गल्लीपलीकडे राहणारी बाई चालत जाऊन 120 ला थाळी आणेल, आणि तिनं तसंच करावं. पण नाशिकच्या आईला पुण्यातून खिचडी पाठवायची वेळ आली, तर मी 45 रुपये डोळसपणे देईन. अनोळखी गावातलं चांगलं स्वयंपाकघर शोधून देणं, माणूस पाठवणं, जेवण बिघडलं तर पैसे परत करणं, या कामाला किंमत आहे. ती किंमत तोंडावर सांगण्यात कंपनीला कमीपणा वाटायचं कारण नाही.

आणि दुकानदारही यातून सुटता कामा नयेत. कमिशन 25 टक्के आणि अ‍ॅपवरचा दर दुकानापेक्षा 50 टक्के चढा, असं करणारी हॉटेलं मी पाहिली आहेत. वर खापर अ‍ॅपवर. म्हणून बिलावर पहिली ओळ दुकानातल्या दराची हवी. त्याखाली अ‍ॅपवरचा दर, मग शिजवणाऱ्याला मिळालेले, आणणाऱ्याला मिळालेले, कंपनीला मिळालेले आणि कर. सहा ओळी. हॉटेलच्या बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापायचा नियम झाला, तेव्हा तोही छापून येऊ लागला. ज्यांचे संगणक डबा कुठल्या चौकात आहे ते मिनिटामिनिटाला दाखवतात, त्यांना सहा ओळी जड नाहीत.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 पासून लागू आहेत आणि त्यात किमतीची फोड दाखवायचं बंधन आहेच. फक्त ती फोड ग्राहकाकडून काय काय घेतलं तिथं थांबते. पुढं कोणाकोणाला काय दिलं, इथवर ती जात नाही. तेवढी एक दुरुस्ती केंद्र सरकारनं करावी. राज्यांनाही करण्यासारखं आहे. राजस्थाननं 2023 मध्ये आणि कर्नाटकानं 2025 मध्ये अ‍ॅपवरून काम करणाऱ्या कामगारांसाठी स्वतःचे कायदे केले. देशाची सामाजिक सुरक्षा संहिता 2025 च्या नोव्हेंबरात लागू झाली, तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के कामगारांच्या कल्याणासाठी द्यायची तरतूद आहे. मुंबई आणि पुणे ही या धंद्याची मोठी पेठ असताना महाराष्ट्रानं या प्रश्नात मागून चालावं, हे शोभत नाही. ज्या मुंबईत डबेवाले शंभरावर वर्षं घरचं जेवण ऑफिसात पोचवत आले, तिथं महिन्याचा डबा केवढ्याचा आणि त्यातून गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याला किती, हे गटातल्या सगळ्यांना माहीत असतं.

मावशींना मी तो सगळा हिशेब त्यांच्या वहीत मराठीत लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. स्वतःच्या 88 वर त्या फार बोलल्या नाहीत, ऑफर बंद करायला मुलाला सांगते म्हणाल्या. मग बोट खाली सरकवून त्यांनी विचारलं, "आणि उन्हातान्हात गाडी घेऊन येतो त्याला तीसच?" रोज वीस-पंचवीस वेळा त्या त्या पोरांच्या हातात डबा देतात. दोन वर्षांत त्यांना हे पहिल्यांदा कळत होतं.